कोपराला तेल लावायचं नाही

आई, आज क्लिनिकमध्ये एका आजीने मला एक प्रश्न विचारला. मी तिला काहीतरी वेळ मारून नेणारं उत्तर दिलं, आणि मग दिवसभर वाटत राहिलं की खरं उत्तर आहे, पण ते आधी तुला द्यायला हवं. म्हणून घरी आले, चहा टाकला आणि लिहायला बसले. तू असतीस तर म्हणाली असतीस, "तोंडान सांग, लिवतंस कित्याक?" तोंडाने सांगायची सोय आता राहिलेली नाही. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की माझी मुलगी तुला फोटोवरूनच ओळखते, आणि फोटोत तू इतकी गंभीर दिसतेस की तिला वाटतं आजी फार कडक होती. मी तिला सांगते, कडक होतीच, पण फोटोग्राफरवर जरा जास्तच चिडली होती.

माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक मुलुंडला आहे, तू ज्या पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटायचीस त्याच रस्त्यावर. केंद्र आता नाही, तिथे मोबाइलचं दुकान आहे. सकाळी एक बाई तिच्या लेकीला घेऊन आली. पोर दुसरीत. सोसायटीच्या घसरगुंडीवरून पडली, कोपराजवळ हाड मोडलं, ते कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि आता प्लास्टर निघाल्यावर डावा हात अर्धवट वाकलेलाच राहिला होता. पोरीने तो पोटाशी धरला होता, मांजराचं पिल्लू धरावं तसा. तिची आई बसायच्या आधीच बोलायला लागली. "मॅडम, आमच्या सासूबाईंनी तेल चोळून चोळून वाट लावली बघा हाताची. मी ऑफिसला, ह्या घरी. मुका मार आहे म्हणाल्या. आठवडाभर चोळत होत्या." दार उघडंच होतं. बाहेर बाकावर सासूबाई बसल्या होत्या, पर्स मांडीवर घट्ट धरून, आणि आतलं सगळं त्यांना ऐकू जात होतं. त्यांना आत बोलावलेलं नव्हतं आणि त्या आपणहून येणार नव्हत्या. तशी बसलेली बाई मी आधी एकदाच पाहिली आहे.

मीही दुसरीतच होते. भांडुपला टेकडीवरच्या चाळीत नळाशेजारी एक कठडा होता, त्यावरून आम्ही उड्या मारायचो. मी डाव्या हातावर पडले. तू पोळ्या करून दमून आली होतीस, तरी पदर खोचलास आणि वाटीत खोबरेल घेऊन त्यात लसूण-ओवा टाकून ते गरम केलंस. शेजारची काकी दारात उभी राहून सांगत होती, नीट रगड, वरून खाली रगड, मुरगळलं असेल तर सुटेल. मी ओरडत होते. तू डोळे पुसत होतीस आणि चोळत होतीस. आपल्याकडे पोर पडलं की हेच करतात, काकीचा तरी काय दोष, तिच्या आजीनेही हेच केलं असणार. दुसऱ्या दिवशी सूज वाढली तेव्हा तुला वाटलं, तेल कमी पडलं. मग सकाळीही चोळलंस, संध्याकाळीही. त्या तेलाचा वास मला अजूनही कुणाच्या स्वयंपाकघरातून आला की कोपर आपोआप अंगाशी येतं. पण त्यात एक गोष्ट आहे, वास आला की मला दुखणं आठवत नाही, तुझी बोटं आठवतात. गरम होती आणि पिठाने खरखरीत झालेली होती.

पालिकेच्या हॉस्पिटलात गेलो तोवर कोपर दगडासारखं झालं होतं. वाटेत रिक्षात काकी तुला पढवत होती की डॉक्टरने विचारलं तर सांग, मालिशवाल्याकडे नेली होती, नाहीतर तुलाच बोलतील. ओपीडीत ही गर्दी. टेबलामागे एक डॉक्टरीणबाई होत्या, केस विंचरायलाही वेळ न मिळालेल्या. त्यांनी एक्स-रे उजेडाकडे धरला, माझं कोपर पाहिलं आणि मान वर न करता विचारलं, "चोळलं कुणी?" आजूबाजूच्यांनी माना वळवल्या. काकीने तुला कोपर मारलं, मला दिसलं. आणि तू म्हणालीस, "मी."

एवढंच. मी. पुढे कारण नाही, रडं नाही, आमच्यात असं करतात हो डॉक्टर, असलं काही नाही. डॉक्टरीणबाई तुला बोलायला तयारच होत्या, शब्द तोंडात जुळवून ठेवले असणार, पण तुझं तोंड बघून त्यांनी ते गिळले. खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "बसा. ऐका नीट." आणि मग तू बसलीस तशीच, जशी आज ती आजी बसली होती, पिशवी मांडीवर घट्ट धरून. मला तेव्हा एवढंच कळलं की आपली आई भर गर्दीत घाबरली नाही. पुढे मोठी झाले, मीही ओपीडीत उभी राहिले, माणसं काय काय लपवतात ते पाहिलं, तेव्हा कळलं की तू काय केलं होतंस. मला आजही ते सांगताना अभिमान वाटतो आणि मी तो लपवत नाही.

त्यांनी सांगितलेलं तू पाठ केलंस. हात कुणी ओढायचा नाही, दाबायचा नाही, चोळायचा तर अजिबात नाही. तिचा तिला हलवू दे, ती स्वतः हलवेल तेवढंच औषध. तू ते इतकं मनावर घेतलंस की त्या दिवसानंतर माझ्या डाव्या कोपराला हातच लावला नाहीस. आंघोळ घालताना साबण माझ्या हातात द्यायचीस, "तू लाव." केस विंचरताना माझा डावा हात मध्ये आला तर थांबायचीस, मी तो काढेपर्यंत. रस्ता ओलांडताना फिरून माझ्या उजव्या बाजूला यायचीस. बाबा म्हणायचे, अगं जुळलंय आता हाड, काय होतंय. तू ऐकायची नाहीस. तुझ्या लेखी तो हात जणू डॉक्टरीणबाईंच्या ताब्यात होता.

पण हात न लावता तू जे केलंस ते मी आज माझ्या विद्यार्थ्यांना शिकवते. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेले व्यायाम, हात वाकव, सरळ कर, मी दोन दिवस केले आणि कंटाळले. तू रागावली नाहीस. तू मला पाट्यापुढे बसवलंस. दोन्ही हातांनी वरवंटा पुढे ढकलायचा आणि मागे ओढायचा, वाटपाचं खोबरं मऊ होईपर्यंत. पुढे ढकलताना कोपर उघडतं, मागे घेताना मिटतं. ते मी आता सांगते, तेव्हा मला फक्त वाटायचं की आई फुकटची मदतनीस मिळवतेय. नारळ खवायला दिलास. पोळ्या लाटायला दिल्यास, त्या नकाशासारख्या झाल्या तरी बाबांना वाढल्यास. देवाला दिवा लावला की तळहात उताणा करून प्रसाद घ्यायचा तो डाव्याच हातावर, आणि भटजी आले तरी तुझा हाच हट्ट. शेजारणी नाकं मुरडायच्या. तू म्हणायचीस, "देवाक कळता." उताणा तळहात म्हणजे हाताच्या पुढच्या भागातली दोन हाडं एकमेकींशेजारी नीट झोपलेली, आणि पालथा केला की अंगठ्याकडचं हाड करंगळीकडच्या हाडावरून आडवं जातं. त्या दोन हाडांची ती फिरकी माझ्या हातात शाबूत राहिली ती तुझ्या प्रसादामुळे, हे मी शपथेवर सांगेन.

आणि ती दप्तराची खुंटी. दाराजवळ माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर तू एक खिळा ठोकलास आणि दप्तर तिथेच टांगायचं, डाव्या हाताने, असा कायदा केलास. मला ते जमायला लागलं की खिळा वर सरकलेला असायचा. कधी सरकवायचीस ते मला कधीच दिसलं नाही. मी चवड्यांवर उभी राहायचे, कंबरेतून वाकडी व्हायचे, खांदा कानापर्यंत न्यायचे, काहीही करून कोपर वाचवायचे. तुझं तोंड चुलीकडे आणि माझ्याकडे पाठ असायची तरी म्हणायचीस, "टाचा खाली." शरीर फार लबाड असतं, आई. एक सांधा हलत नसला की शेजारचे सांधे गुपचूप त्याचं काम करतात आणि कुणाला पत्ता लागू देत नाहीत. हे मला कॉलेजात शिकवलं तेव्हा मी वर्गात हसले, कारण मला "टाचा खाली" ऐकू आलं. आपली खोली पाडली त्याआधी मी जाऊन आले होते. दाराजवळच्या भिंतीत खिळ्यांची भोकं एकावर एक चढत गेलेली होती, आणि सगळ्यात वरचं माझ्या आताच्या डोक्याच्याही वर होतं. तिथे भाड्याने राहत असलेल्या मुलाने विचारलं, "इथे काय होतं?" मी म्हटलं, दप्तर.

हात बराच सुटला. वाकायला पूर्ण वाकतो, वेणी घालता येते, फिरतो पूर्ण. फक्त सरळ होता होता शेवटी अडतो. बादली उचलली की लोकांना वाटतं मी ती अलगद धरलीये. बास, एवढंच राहिलं. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, सुटलो, झाकून ठेवा आता, लांब बाह्यांचे ड्रेस शिवा, पोरीचं लग्न व्हायचंय. काकीने हे तुला सांगितलंही. तू उलटं केलंस. चाळीत कुणाचं पोर पडलं की वर्दी आधी तुझ्याकडे यायची, आणि तू मला हाताला धरून, उजव्या हाताला, तिकडे न्यायचीस. पोराच्या आईच्या हातात तेलाची वाटी असायचीच. तू ती काढून घ्यायचीस आणि मला पुढे करायचीस. "दाखव गो हात." मी हात पुढे करायचे. तो अडायचा तिथे अडायचा. मग तू सांगायचीस, "ह्या मी केलंय. तेल चोळून. कोपराक तेल लावूचा नाय. बांधा आणि चला." जुन्या साडीची पट्टी तुझ्या खांद्यावर असायची. हात असेल तसाच गळ्यात बांधायचीस आणि रिक्षा बोलवायला कुणालातरी पळवायचीस.

मला त्याचा मनस्वी राग होता. आठवीत गेले होते, आरशात बघायचं वय. खालच्या चाळीत एक पोर पडलं, तिथे माझ्या वर्गातल्या मुली उभ्या होत्या. तू म्हणालीस, दाखव गो हात. मी हात पाठीमागे नेला. तू परत म्हणालीस. मी म्हटलं, "मी काय नमुना आहे का? तुझ्यामुळे झालं आणि लाज मला." सगळ्यांसमोर म्हटलं. आता वाटतं, मार बसला असता तर बरं. तू त्या पोराचा हात आधी बांधून घेतलास, शांतपणे, गाठ मारलीस. मग माझ्याकडे वळलीस. "हात तुझो आसा, चूक माझी आसा. मी माझी चूक दाखवतंय. तुका कसली लाज?" आवाज चढला नव्हता. मुलींपैकी एकही हसली नाही. मी हात पुढे केला. त्या दिवसानंतर तू सांगायची वेळ आली नाही, मी आपणहून पुढे करू लागले, आणि हळूहळू मला त्यात एक वेगळीच ऐट वाटायला लागली. आईच्या चुकीची जाहिरात करत फिरणारी चाळीतली मी एकटीच.

नववीच्या विज्ञानात सांध्यांचा धडा आला. बिजागरीचा सांधा, उखळीचा सांधा, सरकता सांधा. तू भाजी चिरत होतीस आणि मी मोठ्याने वाचत होते. उखळीचा सांधा म्हटल्यावर तू विळी बाजूला केलीस. खांद्यात उखळ असते, असं विचारलंस. मी म्हटलं हो, आणि दंडाचं हाड म्हणजे मुसळ, डोकं मात्र गोल, म्हणून हात चहूकडे फिरतो. आणि कोपर म्हणजे बिजागरी, दारासारखं, उघडायचं आणि मिटायचं, बाकी काही नाही. तू उठलीस, खोलीचं दार उघडलंस, मिटलंस, परत उघडलंस. दारामागे केरसुणी होती, तिला लागून दार पूर्ण उघडेना. तू केरसुणी काढली नाहीस. जरा वेळ दाराकडे बघत राहिलीस आणि परत भाजी चिरायला बसलीस. मी पुढचा परिच्छेद वाचला. फिजिओथेरपीला जायचं असं मी बारावीत ठरवलं असं सगळ्यांना सांगते, पण खरं तर त्या दुपारीच ठरलं.

मग पहिल्या वर्षाला मी हाडांची पेटी घेऊन आले. आमच्यात पद्धत होती, वरच्या वर्गातल्यांकडची हाडं खालच्यांना मिळायची, वर्षभर अभ्यास करायचा आणि पुढच्यांना द्यायची. खरी हाडं, माणसाची. चाळीतल्या एका खोलीत, देव तिथे, तांदूळ तिथे, आणि मी कापडी पिशवीत गुंडाळून ती तांदळाच्या पिंपामागे लपवली. दुसऱ्याच दिवशी, रविवारी, पिंप पुढे ओढायला गेलीस आणि तुला ती सापडली. बाबा म्हणाले, घरात देव आहेत, आत्ताच्या आत्ता बाहेर. तू हात धुतलेस. ट्रंकेतून तुझी धुतलेली मऊ साडी काढलीस, जमिनीवर घडी पसरलीस आणि म्हणालीस, "ह्याच्यार ठेव. कोणाचो तरी माणूस होतो तो. पिंपाच्या मागे काय ठेवतंस?" पुढे वर्षभर ती हाडं तुझ्या साडीत राहिली. सणाच्या दिवशी तेवढी शेजारच्या माळ्यावर जायची.

त्या दुपारी तू माझ्यासमोर बसलीस आणि म्हणालीस, कोपर दाखव. मी दंडाचं हाड घेतलं आणि करंगळीच्या बाजूचं हाड घेतलं. त्या हाडाच्या वरच्या टोकाला चोचीसारखा आकडा असतो, आपण कोपर टेबलावर टेकतो ते हेच टोक. दंडाच्या हाडाला खालच्या अंगाला, मागून, एक खड्डा असतो. हात सरळ केला की चोच खड्ड्यात जाऊन बसते. मी दोन्ही हाडं जुळवून, उघडून मिटवून दाखवलं. मग तू ती माझ्याकडून घेतलीस. तुझ्या हातांना ती लगेच जुळली. तू ती उघडलीस, मिटलीस, उघडलीस, आणि मग दंडाच्या हाडाच्या त्या खड्ड्यात अंगठा घातलास. अंगठा तिथे बरोबर बसला.

"हयच?" तू विचारलंस. मी म्हटलं, हो, तिथेच. माझ्या त्या खड्ड्यात हाड भरलंय. चोचीला बसायला जागा नाही. तू म्हणालीस, "तेलान?" मी म्हटलं, तेलाचा काही दोष नाही गं. हाड मोडतं तिथे रक्त साठतं आणि शरीर त्यातून नवं हाड बांधायला घेतं. ते सुरू असताना चोळत राहिलं की शरीराला वाटतं, अजून मोडतंय, अजून बांधा. मग नको तिथेही बांधकाम होतं. तू खड्ड्यातून अंगठा काढलास. मग म्हणालीस, "म्हणजे शरीरान बऱ्यासाठीच केल्यान." मी म्हटलं, हो. तू म्हणालीस, "आणि मी पण."

मी तुला कधी तसं म्हटलं नव्हतं, आई. तुझी चूक नाही, असं तुला सांगायचा प्रयत्न बाबांनी केला होता, तुला तो आवडायचा नाही. चूक होती आणि ती तुझी होती, एवढं तू धरून ठेवलं होतंस. पण ती तू माझ्या भल्यासाठी केली होतीस, हे त्या दिवशी पहिल्यांदा तू स्वतःला ऐकवलंस. हाडं साडीवर ठेवलीस. पदराला हात पुसलेस. आणि विचारलंस, "हात लावू?" मी डावा हात पुढे केला. तू कोपर धरलंस. चोळलं नाहीस, दाबलं नाहीस, नुसतं धरलंस, पाठीमागून, जिथे तो खड्डा आहे तिथे अंगठा ठेवून. बोटं तशीच होती, गरम आणि खरखरीत. मला रडू आलं आणि तू मला रागावलीस की हाडांवर पाणी सांडशील.

त्यानंतर तू एकच गोष्ट माझ्यामागे लावलीस. आमच्या कॉलेजातल्या सर्जन सरांनी माझा एक्स-रे पाहून सांगितलं होतं की ते जास्तीचं हाड काढता येईल, हात बराच सरळ होईल. मी ते घरी बोलले आणि पस्तावले. "करून घे गो." परीक्षा होऊ दे, म्हटलं. परीक्षा झाली. नोकरी लागू दे. लागली. लग्नात बांगड्या भरताना तू कासारणीला बाजूला सारून डाव्या हातात स्वतः चुडा चढवलास आणि माझ्या कानात म्हणालीस, आता तरी करून घे. मी म्हटलं, वेळच मिळत नाही. तू आजारी पडलीस, हॉस्पिटलात मी तुझ्या छातीचे व्यायाम घ्यायचे, तुला दम लागायचा, तरी तू माझ्या हाताकडे बघून विचारलंस. मी परत तेच म्हटलं, वेळ नाही गं आई. तू मान हलवलीस. तुला पटलं होतं असं मला वाटत नाही.

तर आज. मी त्या पोरीला तपासलं, मग उठून बाहेर गेले आणि आजीला आत आणलं. सून तोंड फिरवून बसली. मी काही समजावलं नाही. मी बाही वर केली आणि हात पुढे केला, अडतो तिथपर्यंत, आणि म्हटलं, "माझ्या आईने चोळला होता. मी हिच्याएवढीच होते." आजी माझ्या हाताकडे बघत राहिल्या, सूनही. मग मी त्यांना ओपीडीतलं सांगितलं, खुंटीचं सांगितलं, तू चाळभर काय केलंस ते सांगितलं. सांगताना माझा आवाज चढला असणार, कारण बाहेरचे पेशंट आत डोकावले. मी म्हटलं, आजी, घरी दिवसभर हिच्याबरोबर तुम्ही असता. हा हात सोडवायचं काम तुमचं. हात लावायचा नाही, ओढायचा नाही, पण तिला तो वापरायला लावायचा. खुंटी आहे का घरी? त्या म्हणाल्या, "खुंट्या कुठल्या हो, सगळं फर्निचर आहे." मग पोरगीच म्हणाली, फ्रिजवर माझे मॅग्नेट आहेत. ठरलं. मॅग्नेट रोज डाव्या हाताने लावायचे आणि वर सरकवायचं काम आजीचं. आणि टाचा खाली, मी म्हटलं. आजींनी ते एकदा पुटपुटून पाहिलं, टाचा खाली.

जायला निघाल्या तेव्हा सुनेने बाकावर राहिलेली पर्स उचलली आणि सासूच्या हातात दिली. "आई, हे घ्या," एवढंच म्हणाली, जरा घुश्शातच, पण आई म्हणाली. पोरगी आजीच्या उजव्या बाजूला होती. आजी फिरून तिच्या दुसऱ्या बाजूला गेल्या, दुखरा हात मोकळा ठेवून, आणि दारात थांबल्या. "पण मॅडम, तुम्ही स्वतः डॉक्टर. ओळखीचे एवढे मोठे डॉक्टर. मग तुमचा हात का नाही सरळ करून घेतलात?" मी म्हटलं, "वेळच मिळाला नाही हो."

तेच, जे तुला सांगत आले. चहा कधीचा निवलाय आणि हे पाठवायचं कुठे हा प्रश्नच नाही, तू नाहीस आणि चाळही नाही. पण खरं लिहिते. हा हात पुढे केला आणि तो अडला की मला तू दिसतेस, गर्दीत उभी राहून "मी" म्हणणारी, आणि मला कुणालातरी सांगता येतं की ही माझी आई. सरळ झाला असता तर सांगायचं निमित्तच गेलं असतं. वेळ भरपूर होता, आई. मला करून घ्यायचंच नव्हतं.